पाठमोऱ्या देवीचा पडदा

मित्रांनो, मी एक रंगवलेला पडदा आहे. स्वतःला जुना म्हणवून घ्यायला मला जरा संकोच वाटतो, कारण माझ्यावरचे रंग वाळून अजून दोन वर्षंही झालेली नाहीत. पण तेवढ्या काळात मी इतकी बोलणी खाल्ली आहेत, की दहा वर्षं धूळ खाल्लेला पडदा माझ्यापुढे कोवळा दिसेल. तेव्हा जुना म्हणा, माझी हरकत नाही.

माझी रुंदी बारा फूट आणि उंची नऊ. तीन पन्हे जोडून मला शिवलं आहे. माझ्यावर एक टेकडी आहे, टेकडीवर एक देवी बसलेली आहे, आणि तिची पाठ तुमच्याकडे आहे. तोंड दिसत नाही. पाठ, मान, अंबाडा आणि हिरवी साडी, एवढंच. सगळं भांडण एवढ्यावरूनच झालं.

माझा जन्म इचलकरंजीचा. यंत्रमागाच्या खडखडाटात मी विणला गेलो. जाड, भरड, ज्याला मांजरपाट म्हणतात तसला. माझ्या सख्ख्या भावंडांच्या गादीच्या खोळी झाल्या. ती आता कुणाच्या तरी पाठीखाली सुखानं पडली असतील. माझ्या वाट्याला दुसऱ्याची पाठ अंगावर वागवणं आलं.

मला कोल्हापुरात आणलं पूर्णिमानं. ती कुंभार गल्लीतल्या एका गणपतीच्या कारखान्यात काम करते. तिचं काम एकच, डोळे. आषाढापासून भाद्रपदापर्यंत शेकडो मूर्ती तिच्यापुढून जातात आणि ती प्रत्येक मूर्तीचे डोळे आखते. हे तिला कुणी शिकवलेलं नाही. एकदा आखणीचा कारागीर आजारी पडला, मालकानं वैतागून त्याचा ब्रश हिच्या हातात दिला, आणि पुन्हा परत मागितला नाही. पूर्णिमाचा गणपती बघतो, असं लोक म्हणतात. एक बाई तर मूर्ती घरी नेऊन उलट पावली परत आली होती. म्हणाली, "ताई, नजर जरा हलकी करा. सैपाकघरापतोर माग काढतोय."

अशा बाईनं बिनतोंडाची देवी काढावी, हे लोकांना सहन झालं नाही. आता मी त्यांनाही फार दोष देत नाही. पण तेव्हा मला राग आला होता.

झालं असं. तिच्या गल्लीच्या तरुण मंडळाचा अध्यक्ष आहे विजयसिंह. तो पन्नाशीला टेकला आहे, पण मंडळ तरुण असलं की पुरतं, अध्यक्ष असावाच असं नाही. गणपती गेल्यावर दोन दिवसांनी तो कारखान्यात आला.

"ताई, यंदा नवरात्राला लायटिंग न्हाय, धूर न्हाय, हालता देखावा न्हाय. मागं एकच मोठं चित्र. टेंबलाईचं. आणि डोळं असं काढा, की माणूस जाताना पायात चप्पल घालायची इसरला पायजे."

टेंबलाई म्हणजे त्र्यंबोली. कोल्हापुरात तिची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, पण तुमच्यात कुणी बाहेरगावचं असेल म्हणून सांगतो. अंबाबाईनं कोल्हासुराला मारलं. त्या लढाईत त्र्यंबोलीची मदत होती. मग विजयाचा सोहळा झाला, सगळ्या देवांना बोलावणी गेली, आणि जी सगळ्यांत जवळची, तिलाच सांगायचं राहून गेलं. ती उठली, शहराबाहेरच्या टेकडीवर गेली आणि शहराकडे पाठ करून बसली. म्हणून दरवर्षी नवरात्रातल्या ललिता पंचमीला अंबाबाई पालखीतून टेकडीवर जाते आणि तिची समजूत काढते. देव झाले तरी रुसलेल्याच्या दारात आपल्यालाच जावं लागतं.

गणपती ते नवरात्र यांच्या मधला पितृपंधरवडा. कारखान्यात कुणी नव्हतं. हात मोडल्यामुळे राहून गेलेल्या दोन मूर्ती होत्या आणि मी होतो. पूर्णिमानं खडूची भुकटी डिंकात कालवून माझ्या अंगाला तीन हात दिले. वाळल्यावर मी असा ताठ झालो, की मला वाटलं, आता आपण मोठे झालो.

तिनं आधी टेकडी काढली. पाऊस परतत असतानाचं पिवळट हिरवं गवत, त्यात गुलाबी तेरडा, दगडाच्या आडोशाला एक टिटवी. मग टेकडीच्या पलीकडचं सगळं. उसाचे फड, आणि अगदी लांब शिरोलीच्या फौंड्र्यांचा धूर. देवी त्या बाजूला बघते आहे ना, मग तिला आज जे दिसत असेल तेच काढलं पाहिजे, असा तिचा हिशेब. सगळ्यांत शेवटी देवी. तिला तिनं कच्चं रेखाटलंसुद्धा नाही. ती पाठ तिला तोंडपाठ असावी, अशी काढली, जशी आपण सवयीची सही करतो. रुंद पाठ, डावा खांदा उजव्यापेक्षा किंचित वर, गच्च अंबाडा, हिरवी इरकल साडी. मान अशी ताठ, की बघणाऱ्याला कळावं, ही बाई नुसती बसलेली नाही, बसून राहिलेली आहे.

पूर्णिमाची मुलगी क्रांती कॉलेजात आहे. ती डबा द्यायला आली आणि बराच वेळ उभी राहिली.

"आई, हिला तोंड?"

"हाय की."

"कुठाय?"

"तिकडं हाय."

 डबा ठेवून जाताना एवढंच म्हणाली, "आई, ही मावशी हाय न्हवं?" पूर्णिमानं ब्रश धुवायला घेतला. तो आधीच धुतलेला होता.

घटस्थापनेच्या सकाळी मला मांडवात बांधलं. लोक जमले. माझ्या आयुष्यातला तो पहिला दिवस, आणि मला वाटलं होतं टाळ्या पडतील.

विजयसिंह मागे सरकला, पुढे आला, पुन्हा मागे सरकला. "पूर्णिमाताई, पडदा उलटा लागलाय."

"न्हाय. बरोबर हाय."

"मग तोंड कुठाय?"

"शेताकडं. दादा, टेंबलाई शहराकडं पाठ करून बसलीया. तुम्ही शहरात हुबं हाय. तुम्हांला पाठच दिसणार की."

 मग समोरच्या घरातली धोंडुबाई काठी टेकत पुढे आली. तिचं वय ऐंशीच्या वर आहे आणि तिला कुणी गप्प करू शकत नाही.

"व्हय, पण मी आता नमस्कार कुणाला करू? अंबाड्याला?"

लोक हसले. धोंडुबाई हसली नाही. ती कनातीला धरून माझ्या मागच्या बाजूला गेली. आम्हा पडद्यांच्या मागे काय असतं? झिरपलेल्या रंगाचे डाग, शिवणीची टोकं आणि खांबाच्या दोऱ्या. ती वाकून, डोळ्यांवर हात धरून बघून आली.

"हिकडं बी काय न्हाय," तिनं जाहीर केलं.

आणि मित्रांनो, खरं सांगतो, त्या दिवसात कमीत कमी चाळीस माणसं माझ्या मागे जाऊन तोंड बघून आली. शिकलेली माणसं. एक तर बँकेतला साहेब होता.

दुपारपर्यंत माझा फोटो सगळ्या पेठांत फिरला. शेजारच्या मंडळाची पोरं मुद्दाम रस्ता वाकडा करून आली. "ह्यांच्या अध्यक्षाचं तोंड बघवंना म्हणून देवी वळून बसली," असं मोठ्यानं म्हणून गेली. विजयसिंहाचे कान लाल झाले. कुणी म्हणालं, कलियुग आहे. कुणी म्हणालं, बाईला तोंड जमलं नसेल, गणपतीचं वेगळं असतं. संध्याकाळच्या गर्दीत कुणीतरी माझ्या खालच्या कोपऱ्यावर पान खाऊन थुंकलं. तेरड्याच्या फुलांवर. कोण ते मला दिसलं नाही.

दुसऱ्या माळेला मंडळाची माणसं मांडवात खुर्च्या टाकून बसली. पूर्णिमाला बोलावलं. तिला खुर्ची दिली नाही.

"ताई, मान जराशी हिकडं वळवा," विजयसिंह म्हणाला. "एक डोळा दिसला तरी चालंल. तुमच्या हाताला काय अवघड हाय?"

"मान तिची ती वळवणार. मी न्हाय वळवणार."

"म्हंजे?"

"रुसलेल्या माणसाची मान दुसऱ्यानं धरून वळवायची नसती, दादा."

"तर मग ऐका. पंचमीच्या आत तोंड दिसलं पायजे. न्हायतर पांढरा डिस्टेंपर मारणार आणि त्याच्यावर फ्लेक्स लावणार. चार फुटाचं डोळं असलेला." तो उठला आणि मग जरा आवाज खाली आणून बोलला. "तुमचं आणि तुमच्या आक्काचं जे काय हाय ते घरात ठेवा. देवीच्या अंगावर घालू नगासा."

मांडवात सगळे खाली बघायला लागले. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. फक्त मलाच माहीत नव्हतं. कापडाला सगळं उशिरा कळतं. पूर्णिमा माझ्यापाशी येऊन बसली, आणि धोंडुबाई तिच्याजवळ बसून जे बोलली, त्यावरून मी जुळवलं ते असं.

आक्का म्हणजे पूर्णिमाची थोरली बहीण. बारा वर्षांनी मोठी. आई पहाटे कामावर जायची, म्हणून लहानपणी पूर्णिमाला आक्कानंच सांभाळलं. आक्का सायकलीवरून दूध घालायला जायची आणि पूर्णिमा मागे कॅरिअरवर. रोज तासभर तिच्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट असायची, आक्काची पाठ.

पुढे दोघींची लग्नं झाली, दोघी याच पेठेत राहिल्या, दोन गल्ल्यांच्या अंतरानं. सहा वर्षांपूर्वी पूर्णिमानं घर बांधलं. वास्तुशांतीची आवतणं वाटायला घरातली माणसं निघाली. कुणी चंदगडला गेलं, कुणी बिद्रीला. पावसात एसटीनं जाऊन लांबच्या आत्याला हळदीकुंकू लावून आली. आणि आक्काला सांगायचं प्रत्येकाला वाटलं की दुसऱ्यानं सांगितलं. घरचीच की. तिला काय सांगायचं.

त्या दिवशी आक्का नवी हिरवी इरकल नेसून, अंबाड्याला गजरा लावून, दाराशी बसली होती. कुणीतरी न्यायला येईल म्हणून. हे धोंडुबाईनं स्वतः बघितलेलं आणि तेव्हाच पूर्णिमाच्या कानावर घातलेलं. संध्याकाळी आक्कानं साडी सोडली आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पूर्णिमानं फोन केला, की चुकून राहिलं. आक्कानं तो उचलला नाही. पूर्णिमा शरमेनं गेली नाही. मग, एवढं ताणायचं काय, या रागानं गेली नाही. मग सवयीनं. समोरून आक्का दिसली की ती बोळात वळायची. अशी सहा वर्षं. आणि आता तिला एकच पाहिजे होतं, आक्कानं हा पडदा बघावा, आपली पाठ ओळखावी आणि वळावं. त्यासाठी मी. म्हणूनच माझ्यावर तोंड काढायचं नव्हतं.

तिसऱ्या माळेला दुपारी आक्का आली.

ती दूध डेअरीतून तशीच आली होती. डेअरीत कुणीतरी फोनवरचा माझा फोटो दाखवून विचारलं होतं, "आक्का, ही तुम्हीच की." डोक्यावरून दोन्ही खांद्यांवर पदर ओढलेला, उंच, सावळी. तिनं पाच मिनिटं मला बघितलं. मी अंग आवळून उभा राहिलो. मांडवात तेव्हा आठ-दहा माणसं होती.

"ह्या साडीचं तुला कुणी सांगितलं?" आक्का म्हणाली.

पूर्णिमानं धोंडुबाईकडे बघितलं. धोंडुबाई आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसली.

"किती दिवस लागलं रंगवायला?"

"तेरा."

"तेरा. आणि तुझ्या दारातनं माझ्या दारापतोर चालत यायला किती मिंटं लागत्यात?"

पूर्णिमा माझी खालची कड सरळ करायला लागली.

"इचारलंय न्हवं मी?"

"पाच."

"ती पाच मिंटं सहा वर्सांत गावली न्हाईत तुला. ह्याला तेरा दिवस गावलं."

"आक्का, मला वाटलं, तू बघशील आणि..."

"आणि काय? रडत यीन? माझी पाठ चार माणसांत टांगलीस. लोक मागं जाऊन जाऊन बघाल्यात, थुंकाल्यात. रुसले मी. ते बी तूच रंगवणार आणि रुसवा कवा काढायचा ते बी तूच ठरवणार. मला इचारलंस काय, चित्र काढू का म्हणून? परत इसरलीस. दोनदा इसरलीस मला."

मित्रांनो, तोपर्यंत मी समजत होतो, की माझ्यावर अन्याय करणारे लोक अडाणी आहेत आणि माझी चित्रकार मोठी आहे. त्या क्षणी मला माझे रंग जड झाले. आक्का खोटं बोलत नव्हती.

ती माझ्याजवळ आली आणि कोपऱ्याची गाठ सोडायला लागली. खालची सुटली. मधल्या गाठीसाठी तिनं डावा हात उचलला आणि तो खांद्यापाशी येऊन थांबला. तिनं पुन्हा उचलला. पुन्हा तिथंच थांबला, जसा कुणी वरून धरला असावा.

"विजय, सोड रं ते वरचं," ती म्हणाली.

विजयसिंह खुर्चीवर चढला. "न्ह्या आक्का. लई उपकार झालं."

"तुझ्यावर उपकार करायला आले न्हाय मी. माझी पाठ हाय, मी न्हेणार."

तिनं मला गुंडाळून उजव्या खांद्यावर टाकलं आणि निघाली. पूर्णिमा जागेवरच उभी होती. ती आक्काच्या डाव्या हाताकडे बघत होती. आयुष्यभर तिनं मूर्तींची नजर आखली, पण तिला स्वतःला काही नवीन दिसलं असेल तर ते तेव्हा, असं मला वाटतं.

आक्काच्या घरी मी फाटेन, असं मी धरून चाललो होतो. तिनं मला अंगणात पसरलं, एक चिंधी ओली केली आणि तेरड्यावरची पानाची पिंक पुसली. रगडून नव्हे. मुलाचं तोंड पुसावं तसं टिपून टिपून. मग ओल्या पडद्याची घडी घालू नये म्हणून मला मधल्या खोलीत दोन खिळ्यांवर टांगलं. खिळे शेजाऱ्यानं मारले. हे सगळं करताना ती तोंडानं पूर्णिमाला शिव्या देत होती, आणि त्या मी इथं सांगणार नाही.

चौथी माळ गेली. पूर्णिमा आली नाही. दोन गल्ल्या ओलांडायला तिला आणखी एक दिवस लागला.

पंचमीला सकाळी आक्का दाराकडे पाठ करून, सुपात तांदूळ घेऊन निवडत बसली होती. माझ्यासमोर. दारात पूर्णिमा उभी राहिली. हातात ताट, त्यात हळदीकुंकू आणि अक्षता. आक्कानं वळून बघितलं नाही, पण तांदूळ निवडणारं बोट थांबलं.

"आवतण द्यायला आलीया," पूर्णिमा म्हणाली. "वास्तुशांत हाय. यायचं."

"कवा हाय?"

"सहा वर्सांमागं झाली."

"मग जेवान गार झालं असंल."

पूर्णिमा हसली नाही. बरं केलं.

"उंबऱ्याच्या आत यायचं न्हाय," आक्का म्हणाली.

पूर्णिमा उंबऱ्याबाहेर बसली. ताट मांडीवर. गल्लीतून टेकडीला जाणारी माणसं चालली होती, बायका, पोरं, लांबून वाजंत्री. जाता जाता प्रत्येकजण या दाराकडे बघून जात होता. धोंडुबाई मुद्दाम दोनदा गेली. आक्का तांदूळ निवडत राहिली. निवडलेले तांदूळ तिनं पुन्हा सुपात ओतले आणि परत निवडले. अकरा वाजले. बारा वाजले. दोघींमध्ये एक उंबरा होता आणि मी वरून बघत होतो. माझ्यात जी बाई बसलेली होती, ती खाली तशीच बसली होती.

"चुकीचं काढलंस," आक्का एकदम म्हणाली. आवाज तसाच, कडक.

"काय चुकलं?"

"डावा खांदा वर काढलास. आता खाली हाय. तीन वर्सांमागं डेअरीत घसरून पडले. कॅन अंगावर आला. सळी घातलीया आत."

"पडलीस म्हणून ऐकलं हुतं."

"ऐकलं हुतंस. आणि?"

पूर्णिमानं ताटात सांडलेलं कुंकू बोटानं गोळा केलं.

"हात खांद्याच्या वर जात न्हाय," आक्का तांदळाशी बोलावं तसं म्हणाली. "अंबाडा घालून तीन वर्सं झाली. शेजारची सुष्मिता कॉलेजला जाता जाता यिणी घालून जाती. ती गावाला गेली की मी चार-चार दिवस तशीच, पदर घिऊन. आता बी तशीच हाय. तू अंबाडा काढलास. झकास काढलास. कुणाचा हाय त्यो?"

मित्रांनो, मला कुणी विद्रूप म्हणालं होतं, कुणी पापी. पण एवढं लागेल असं कुणी बोललं नव्हतं. माझ्यावरची बाई कुठंच नव्हती. तेरा दिवस खपून पूर्णिमानं जिची पाठ काढली, ती तीन वर्षांपूर्वीच डेअरीच्या ओल्या फरशीवर राहिली होती. जी उरली होती तिला बघायला कुणी आलं नव्हतं.

पूर्णिमा उठली. ताट उंबऱ्यावर ठेवलं. आत आली. आक्कानं ये म्हटलं नाही आणि बाहेर हो असंही म्हटलं नाही. फळीवर फणी आणि तेलाची बाटली होती. ती घेऊन पूर्णिमा आक्काच्या मागे बसली आणि तिच्या डोक्यावरचा पदर खाली केला.

केस पिकलेले, विरळ, चार दिवसांच्या गुंत्याचे. पूर्णिमानं टोकाकडून सुरुवात केली.

"वढू नको."

"न्हाय वढत."

"वढालीस."

"गुंता हाय, आक्का."

"मग सोडव. मागनं हात वढायची सवय हाय तुला. कॅरिअरवर बसून बी माझी यिणी वढायचीस."

पूर्णिमाचा हात एकेका गाठीपाशी अडत होता. हजार गणपतींच्या बाहुल्या एका दमात काढणारा हात. तिला आक्काची पाठ दिसत होती, खांद्याची खालावलेली उतरण दिसत होती, मानेच्या बाजूला गेलेला टाक्यांचा व्रण दिसत होता. तोंड दिसत नव्हतं. ते माझ्या बाजूला होतं. ज्या तोंडासाठी अख्खी गल्ली माझ्या मागे जाऊन आली, ते त्या वेळी फक्त माझ्यासमोर होतं. ते कसं होतं हे मी कुणाला सांगितलेलं नाही आणि तुम्हालाही सांगणार नाही. पूर्णिमा जवळजवळ तासभर फणी फिरवत होती. एवढे केस तिथं नव्हते.

अंबाडा झाला. आक्कानं उजव्या हातानं तो चाचपला. मग सुपासकट जागच्या जागी वळली आणि सहा वर्षांनी बहिणीच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "सैल झालाय."

पूर्णिमानं पुन्हा घातला.

त्यानंतर सगळं गोड झालं असं समजू नका. पूर्णिमा दर रविवारी येते, केस विंचरते, आणि दोघी वास्तुशांतीवरून कडाकडा भांडतात. पण समोरासमोर. मांडवात त्या वर्षी चार फुटी डोळ्यांचा फ्लेक्स लागला आणि विजयसिंह सुखी झाला. मला आक्का अजून परत देत नाही. पूर्णिमानं एकदा विचारलं, खांदा दुरुस्त करू का? आक्का म्हणाली, "ऱ्हाऊ दे. तवाचा हाय त्यो."

मी आता घडी होऊन लोखंडी पेटीत असतो. तुमच्या घरातही एखादं रंगवलेलं कापड असेल, आजीनं भरलेलं, मावशीनं काढलेलं. ते कपाटात टाकून विसरू नका. वर्षातून दोनदा बाहेर काढा, वारा द्या, आणि मुख्य म्हणजे घडी बदला. कायम तीच घडी राहिली की कापड त्याच रेषेवर झिजत जातं आणि एक दिवस तिथंच फाटतं. वरून बघणाऱ्याला ते शेवटपर्यंत चांगलंच दिसत असतं. घडी उलगडायला माणूस लागतं, आणि त्याला उठून तिथवर यावं लागतं. फोनवर उलगडत नाही.